बीप वाजली, पण वाचलं काय?

वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक येतं. स्कॅनर धरला, बीप वाजली आणि संगणक म्हणतो, असं पुस्तक नाही. पुन्हा धरला, पुन्हा बीप, आणि या वेळी पुस्तक सापडतं. मग कुणीतरी स्कॅनरची काच पुसतं, कुणी वायर हलवून पाहतं. स्कॅनर मात्र दोन्ही वेळा अगदी बरोबर वाचत होता. पहिल्यांदा त्याने प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेला आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, बारकोड वाचला, दुसऱ्यांदा वाचनालयाने चिकटवलेलं दाखल क्रमांकाचं लेबल. या दोन्हींतलं आपल्याला कोणतं हवं आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे सांगणं म्हणजेच स्कॅनरचं डिकोडिंग सेट करणं. नवा स्कॅनर खोक्यातून निघतो तेव्हा त्यात बरेच प्रकार आधीच चालू असतात, कारण कंपनीला तो किराणा दुकानातही चालायला हवा असतो, गोदामातही आणि रक्तपेढीतही. आपलं काम बहुधा एका किंवा दोन प्रकारांत भागतं. म्हणून माझ्या मते सेटिंगमधलं निम्म्याहून जास्त काम 'बंद करण्याचं' असतं. न वाचलेला बारकोड लगेच कळतो, माणूस आकडे हाताने टाकतो. चुकीचा वाचलेला बारकोड बीप वाजवून आत जातो आणि साठा मोजायला बसल्यावर वर येतो.

बारकोडचे प्रकार म्हणजे वेगवेगळ्या लिपी आहेत असं समजा. रेघा दिसायला सारख्याच, पण कोणत्या जाडीच्या रेघा मिळून कोणता आकडा होतो, सुरुवातीची आणि शेवटाची खूण काय, हे प्रत्येकाचं वेगळं. स्कॅनरला आधी फक्त काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदी कळतात. त्या रुंदी तो चालू असलेल्या एकेका लिपीला लावून पाहतो आणि जी जुळेल ती मानतो. जितक्या लिपी चालू, तितकी भलत्याच लिपीत काहीतरी जुळून जाण्याची शक्यता जास्त.

सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे दुकानातल्या मालावरचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये २६ जून १९७४ रोजी रिग्लीच्या च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, ते या प्रकाराचं पहिलं बिल. तो बारा आकडी यूपीसी-ए. त्याच्यावरून तेरा आकडी ईएएन-१३ निघाला, आणि आपल्याकडच्या बिस्किटापासून साबणापर्यंत तोच असतो. हे क्रमांक वाटणाऱ्या जीएस१ या संस्थेकडून भारतात दिलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात.

या तेरा आकड्यांतला शेवटचा तपासणी अंक असतो. ८९०१२३४५६७८९० हा नमुन्याचा क्रमांक घ्या. पहिले बारा आकडे डावीकडून एकदा १ ने, एकदा ३ ने गुणत जायचे आणि बेरीज करायची. इथे ती १३० येते. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जितके कमी पडतात तो तपासणी अंक, म्हणून इथे शून्य. स्कॅनर हे गणित प्रत्येक वेळी करतो आणि जुळलं नाही तर बीपच देत नाही. ईएएनमध्ये हा अंक सक्तीचा असल्यामुळे तिथे चुकीचं वाचन क्वचित होतं. सगळे प्रकार इतके शहाणे नसतात, ते पुढे येईलच.

ईएएन-१३ मध्ये आणखी एक गंमत आहे. त्यातल्या पहिल्या आकड्याला स्वतःच्या रेघाच नसतात. उरलेल्या बारांच्या रेघा असतात, आणि डावीकडचे सहा आकडे कोणत्या दोन पद्धतींच्या सरमिसळीने लिहिले आहेत त्यावरून पहिला आकडा ओळखायचा. पहिला आकडा शून्य असेल तर डावीकडचे सहाही आकडे एकाच पद्धतीने येतात, आणि तेव्हा तो बारकोड रेघ न् रेघ यूपीसी-ए सारखा दिसतो. म्हणजे शून्याने सुरू होणारा ईएएन आणि बारा आकडी यूपीसी यांत कागदावर काहीच फरक नाही. पुढचं शून्य पाठवायचं की नाही, हे फक्त सेटिंग ठरवतं.

परदेशी चॉकलेटं किंवा सौंदर्यप्रसाधनं ठेवणाऱ्या दुकानात हे हमखास बाधतं. जुन्या स्कॅनरने माल भरला तेव्हा बारा आकडे गेले. नवा स्कॅनर आणला, तो तेरा पाठवतो, आणि निम्मा आयात माल 'नोंद नाही' म्हणून परत येतो. मॅन्युअलमध्ये 'यूपीसी-ए चं ईएएन-१३ मध्ये रूपांतर' किंवा 'सुरुवातीचं शून्य पाठवा' अशा नावाचं सेटिंग शोधा. दोन काउंटर असतील तर दोन्हीकडे ते एकसारखं हवं.

पुस्तकांचा बारकोडही ईएएन-१३ च असतो, फक्त ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. बऱ्याच स्कॅनरांत 'बुकलँड' नावाचं सेटिंग असतं, आणि त्यात दहा आकडी पर्याय निवडलेला असेल तर स्कॅनर ९७८ काढून टाकतो, तपासणी अंक नव्याने काढतो आणि जुन्या पद्धतीचा क्रमांक पाठवतो. त्याच्या शेवटी कधी कधी इंग्रजी एक्सही येतो. पुस्तकावर छापलंय एक आणि पडद्यावर दिसतंय दुसरंच, अशी तक्रार आली की हे सेटिंग आधी तपासा. आजच्या कामाला तेरा आकडे जसेच्या तसे घेणंच बरं. ९७९ वाल्या पुस्तकांना दहा आकडी रूप नसतंच.

काही परदेशी पुस्तकांवर मुख्य बारकोडच्या उजवीकडे छोटा पाच आकडी पुरवणी कोड असतो, त्यात किंमत असते. मासिकांवर तो दोन आकडी असतो, अंकाचा क्रमांक सांगणारा. पुरवणीसाठी सहसा तीन पर्याय मिळतात: दुर्लक्ष करा, असेल तर वाचा, असेल तरच वाचा. तिसरा चुकून चालू झाला तर पुरवणी नसलेलं एकही पुस्तक वाचलं जात नाही. दुसरा सोयीचा वाटतो, पण त्यात स्कॅनर पुरवणी खरंच नाही ना हे पुन्हा पुन्हा पाहत बसतो आणि वेग पडतो. किंमत तिथून घ्यायची नसेल तर दुर्लक्ष करायला सांगा आणि विसरून जा.

आता वाचनालयाचं स्वतःचं लेबल. ते बहुतेकदा कोड ३९ मध्ये असतं. इंटरमेक कंपनीने १९७४ साली आणलेला हा प्रकार. फुकटच्या फाँटनेसुद्धा छापता येतो, म्हणून लोकप्रिय. आकडे, इंग्रजी मोठी अक्षरं आणि मोजकी चिन्हं मिळून त्रेचाळीस अक्षरं त्यात बसतात. तपासणी अक्षर सक्तीचं नाही, आणि घोटाळा इथेच होतो.

समजा लेबलांवर तपासणी अक्षर छापलेलंच नाही, पण स्कॅनरमध्ये ते तपासण्याचं सेटिंग चालू आहे. मग स्कॅनर लेबलाचं शेवटचं अक्षरच तपासणी अक्षर धरतो. हिशेब त्रेचाळीसच्या भागाकारावर चालत असल्याने बहुतेक लेबलं नापास होतात, आणि एखादं निव्वळ योगायोगाने पास होतं. 'चाळीस-पन्नास पुस्तकांत एखादंच वाचतो' अशी विचित्र तक्रार आली तर काच पुसू नका, हे सेटिंग पाहा. उलट बाजूही आहे. लेबलावर तपासणी अक्षर आहे, पण तपासणी बंद आहे किंवा ते अक्षर पुढे पाठवायचं सेटिंग चालू आहे, तर ०४५२१ या दाखल क्रमांकाला शेवटी एक 'सी' चिकटून येतो. आकड्यांची बेरीज १२, आणि या पद्धतीत १२ ही किंमत इंग्रजी सी ची आहे. भूतबाधा नाही.

कोड ३९ चं 'फुल आस्की' नावाचं आणखी एक रूप आहे. छोटी अक्षरं आणि जास्तीची चिन्हं त्यात दोन-दोन अक्षरांच्या जोडीने लिहितात, जसं प्लसच्या चिन्हानंतर मोठा ए म्हणजे छोटा ए. ते चालू असेल आणि तुमच्या लेबलात तिरकी रेघ असेल, तर 'एम/ए१२०' चं पडद्यावर 'एम!१२०' होतं, कारण तिरकी रेघ आणि ए यांची जोडी म्हणजे उद्गारचिन्ह. लेबल छापणाऱ्याने मुद्दाम फुल आस्की वापरलं नसेल तर हे बंदच ठेवा. नवी लेबलं छापणार असाल तर कोड १२८ हा प्रकार घ्या. त्यात तपासणी अंक सक्तीचा असतो आणि तेवढाच मजकूर सहसा कमी जागेत बसतो.

गोदामात आणि ठोक व्यापाऱ्याकडे खोक्यांवर दिसतो तो इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह, त्याचं चौदा आकडी रूप म्हणजे आयटीएफ-१४. माझा सर्वांत कमी विश्वास या प्रकारावर आहे. इथे आकडे जोडीने लिहितात: एक आकडा काळ्या पट्ट्यांत, त्याच्या जोडीचा मधल्या पांढऱ्या जागांत. सुरुवातीची खूण म्हणजे चार बारीक घटक आणि शेवटची म्हणजे एक जाड, दोन बारीक. एवढ्या साध्या खुणा आकड्यांच्या मधोमधही सहज तयार होतात. स्कॅनर तिरपा धरला, किरण कोडच्या मध्यावरूनच वर निसटला, आणि निसटण्याआधी शेवटच्या खुणेसारखं काही दिसलं, की चौदा आकड्यांच्या जागी सहा किंवा आठ आकडे 'बरोबर वाचले' म्हणून बीपसह पोचतात. आयटीएफ-१४ भोवतीची जाड काळी चौकट त्यासाठीच असते. निसटणारा किरण त्या चौकटीला आपटतो आणि खोटी शेवटची खूण जुळत नाही.

याच्यावरचा खरा इलाज म्हणजे लांबीचं सेटिंग. प्रत्येक प्रकाराला साधारण चार पर्याय असतात: एकच ठरावीक लांबी, दोन ठरावीक लांबी, अमुक ते अमुक, आणि कितीही. टू ऑफ फाइव्हला 'कितीही' कधीच देऊ नका. खोक्यांसाठी फक्त १४ द्या आणि तपासणी अंक चालू ठेवा. खोके येतच नसतील तर हा प्रकार बंद करा. लांबीचा उपयोग वाचनालयातही होतो. दाखल क्रमांक सहा आकडी आणि सभासदाचा क्रमांक आठ आकडी ठेवला तर दोनच लांबी चालू ठेवून बाकी सगळं बाहेर ठेवता येतं. काही स्कॅनर लांबी मोजताना तपासणी अक्षरही धरतात, तेवढं मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

लांबीच्या जोडीला 'सुरक्षा पातळी' येते. तिचा अर्थ, बीप देण्याआधी तोच बारकोड किती वेळा सारखा वाचला गेला पाहिजे. हातातला साधा लेझर स्कॅनर सेकंदाला साधारण शंभर वेळा रेघ फिरवतो, त्यामुळे तीनदा खात्री करून घेतली तरी चांगल्या लेबलावर फरक जाणवत नाही. फिकट, चुरगळलेल्या लेबलावर मात्र जाणवतो. आधी लेबलं सुधारा. लेबलाच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा असावी लागते: ईएएन-१३ मध्ये डावीकडे सर्वांत बारीक पट्टीच्या अकरापट, उजवीकडे सातपट. नेहमीच्या मापात ती डावीकडे साडेतीन मिलिमीटरच्या थोडी वर आणि उजवीकडे सव्वादोनच्या आसपास येते. कात्रीने नीटनेटकं कापायच्या नादात हीच जागा जाते. कमी जागेतही वाचण्याचं सेटिंग काही स्कॅनरांत असतं, पण ते चालू केलं की शेजारचा मजकूर रेघांत मिसळण्याचा धोकाही वाढतो. काळ्यावर पांढऱ्या रेघा वाचण्याचं सेटिंगही तसंच, गरज नसेल तर नको.

चौकोनी कोडांची गोष्ट वेगळी. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने आणला. तो वाचायला कॅमेऱ्यासारखं चित्र घेणारा स्कॅनर लागतो, एका रेघेच्या लेझरला तो दिसतच नाही. असा स्कॅनर बिलिंगला घेतला की दोन गमती होतात. पाकिटावर ईएएनच्या शेजारी जाहिरातीचा क्यूआर असतो, आणि मालाच्या रकान्यात वेबसाइटचा पत्ता येऊन पडतो. दुसरी आपल्याकडची खास: स्टँडवर ठेवलेल्या स्कॅनरसमोर कुणीतरी दुकानाचा यूपीआयचा फलक सरकवतो, आणि बिलात मालाऐवजी दुकानदाराचाच पैसे घेण्याचा पत्ता टाइप होतो. बिलिंगच्या स्कॅनरवर क्यूआर बंद करा. तो लागणारच असेल तर निशाणाच्या मध्यावर असलेलाच कोड वाचण्याचं सेटिंग शोधा, काही कंपन्या त्याला 'पिक लिस्ट' म्हणतात. स्टँडवरच्या वापरात तोच कोड पुन्हा किती वेळाने वाचायचा हेही ठरवावं लागतं. वेळ फार कमी ठेवला तर एका पुड्याचे दोन होतात. फार जास्त ठेवला तर पाठोपाठ आलेला दुसरा, तसाच पुडा सुटतो.

औषधांच्या दुकानात क्यूआर बंद करून भागेलच असं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत वगैरे असतं. जीएस१ च्या रचनेत अशा माहितीच्या प्रत्येक तुकड्याआधी ओळखक्रमांक येतो: ०१ म्हणजे वस्तू, १७ म्हणजे मुदत, १० म्हणजे बॅच. बॅचची लांबी ठरलेली नसल्याने तिच्यामागे आणखी माहिती असेल तर मध्ये एक अदृश्य विभाजक चिन्ह घालतात. कीबोर्डवर त्याची कळच नाही. त्यामुळे ते वाटेत हरवतं, किंवा कंट्रोलसह दुसरीच कळ दाबल्यासारखं होतं, आणि बॅच व पुढची माहिती एकमेकांना चिकटतात. त्या चिन्हाऐवजी उभी रेघ किंवा असं काही दिसणारं चिन्ह पाठवायची सोय अनेक स्कॅनरांत असते. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर काय समजतं, ते विचारून मगच बदला.

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर मराठी वाचनालयांची नेहमीची अडचण इथेच सांगतो. यूएसबीने जोडलेला साधा स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो, तो कळा दाबल्याचे निरोप पाठवतो. पुस्तकाचं नाव मराठीत भरताना इन्स्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड चालू असतो. त्याच वेळी लेबल वाचलं, तर मोठ्या 'के' च्या जागी 'ख' उमटतो आणि 'डी' च्या जागी 'अ'. कॅप्स लॉक चालू राहिला तर मोठी अक्षरं छोटी होतात. दाखल क्रमांकाच्या रकान्यात येताना भाषा इंग्रजी करणं हा सरळ उपाय. दुसरा म्हणजे ऑल्ट कळ आणि अंकफलक यांनी अक्षर पाठवण्याचं सेटिंग. त्यावर कीबोर्डच्या भाषेचा परिणाम होत नाही, पण ते हळू चालतं. लेबलांवर अक्षरं ठेवण्याची हौस मला त्यामुळेच पटत नाही.

प्रत्यक्ष सेटिंग बदलायचं ते स्कॅनरलाच बारकोड दाखवून. खोक्यातल्या पुस्तिकेत 'कोड ३९ चालू', 'कोड ३९ बंद' असे हुकुमाचे बारकोड छापलेले असतात. काही स्कॅनरांना आधी 'सेटिंग सुरू' आणि शेवटी 'जतन करा' दाखवावं लागतं. एका कंपनीचे हुकूम दुसरीच्या स्कॅनरला समजत नाहीत. पानावर कोड दाटीने असतात, म्हणून हवा तो सोडून बाकीचे कागदाने झाका. पीडीएफ छापत असाल तर मूळ मापात छापा. लेझर स्कॅनरला पडद्यावरचा कोड दाखवून उपयोग नाही. झेब्राचं १२३स्कॅन, हनीवेलचं ईझीकॉन्फिग, डेटालॉजिकचं अलादीन अशी सॉफ्टवेअरंही आहेत, पाच-सहा स्कॅनर एकसारखे करायचे असतील तर तीच घ्या. सेटिंग स्कॅनरच्या पोटात साठतं, संगणक बदलला तरी टिकतं.

सुरुवात कारखान्याच्या मूळ सेटिंगवर नेऊन करा. काही स्कॅनरांत यामुळे शेवटी आपोआप दाबला जाणारा एंटरही जातो, तो परत लावावा लागतो. मग नोटपॅड उघडा आणि कामात येणारा प्रत्येक जातीचा बारकोड तिथे वाचून पाहा. एक्सेलमध्ये ही चाचणी करू नका. ते पुढचं शून्य गाळतं, तेरा आकड्यांचं घातांकी रूप दाखवतं आणि पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य करतं, आणि बोल स्कॅनरला लागतो. एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या.

एखादं लेबल कोणत्या प्रकारातलं आहे हे डोळ्यांना ओळखू आलं नाही तर 'कोड आयडी पाठवा' हे सेटिंग थोडा वेळ चालू करा. त्यातला 'एआयएम' (AIM) पर्याय निवडला की प्रत्येक वाचनाच्या आधी बंद होणारा चौकोनी कंस, एक अक्षर आणि एक आकडा येतो. अक्षर 'ई' असेल तर ईएएन घराणं, 'ए' म्हणजे कोड ३९, 'सी' म्हणजे कोड १२८, 'आय' म्हणजे टू ऑफ फाइव्ह, 'क्यू' म्हणजे क्यूआर. 'सी' नंतर १ असेल तर तो जीएस१ च्या रचनेतला कोड १२८. यादी तयार झाली की यादीत नसलेले सगळे प्रकार बंद करा, उरलेल्यांना लांबी द्या आणि कोड आयडी पुन्हा बंद करा. वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर ईएएन बंदच राहू दे. नवी पुस्तकं दाखल करणाऱ्या टेबलावर मात्र तो चालू हवा, म्हणून तिथला स्कॅनर वेगळा ठेवा आणि दोन्हींवर चिठ्ठी लावा.

शेवटी 'पॅरामीटर स्कॅनिंग' बंद करणारा हुकूम दाखवा, म्हणजे पुस्तिकेचं पान काउंटरवर उघडं पडलं आणि कुणी चाळा म्हणून स्कॅनर त्यावर धरला तरी काही बदलणार नाही. ते पुन्हा चालू करणारा कोड कोणत्या पानावर आहे, ते पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पेनने लिहून ठेवा.